कॉलेज फुटबॉलच्या पहिल्या वीकेंडचे अंदाज: या चुका टाळा

२४ ऑगस्ट २०२४, डब्लिन. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या हंगामाचा पहिलाच मोठा सामना आयर्लंडमध्ये होता: फ्लोरिडा स्टेट विरुद्ध जॉर्जिया टेक. फ्लोरिडा स्टेट देशात दहाव्या क्रमांकावर. आधीच्या वर्षी कॉन्फरन्सची, म्हणजे आपल्या कॉलेजगटाची, फायनल धरून सलग १३ सामने जिंकलेला संघ. आमचा आठ-दहा मराठी मित्रांचा एक गट आहे. शिकायला म्हणून अमेरिकेत आलो आणि या खेळाचं वेड लागलं ते कायमचंच. दर शनिवारी आम्ही अंदाज लिहून ठेवतो. पैशांचा संबंध नाही, फक्त गुण. त्या दिवशी मी सगळ्यात जास्त गुण फ्लोरिडा स्टेटवर लावले होते. वेळ संपता संपता जॉर्जिया टेकच्या किकरनं ४४ यार्डांवरून फील्ड गोल (लाथेनं खांबांमधून मारलेला तीन गुणांचा गोल) मारला आणि सामना २४-२१ असा गेला. फ्लोरिडा स्टेटनं तो हंगाम २-१० असा, म्हणजे दोन विजय आणि दहा पराभवांवर, संपवला.

माझी चूक नंतर लक्षात आली. अंदाज मी २०२३च्या संघाचा केला होता आणि मैदानात २०२४चा संघ उतरला होता. मधल्या काळात क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिससह त्यांचे दहा खेळाडू एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू-निवडीत, गेले होते. जर्सी तेवढी तीच होती.

पहिल्या वीकेंडचे बहुतेक अंदाज इथेच फसतात. कॉलेजचा खेळाडू तीन-चार वर्षांत निघून जातो. २०१८मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, २०२१पासून पहिल्यांदा कॉलेज बदलताना वर्षभर बाहेर बसण्याची अटही गेली. आता एका उन्हाळ्यात अर्धा संघ बदलू शकतो. त्यात एनएफएलसारखे सराव सामने इथे नाहीत. म्हणजे पहिल्या शनिवारी आपण ज्या संघावर बोलतो, त्याला दुसऱ्या कुणाशी खेळताना अजून कुणीच पाहिलेलं नसतं.

रँकिंग पाहून गुण लावणे

हंगामाआधीची एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेची रँकिंग म्हणजे क्रीडा पत्रकारांची मतं. एकही चेंडू फेकला जाण्याआधी दिलेली. ती देताना गेल्या वर्षीचा निकाल आणि कॉलेजचं नाव यांचं वजन पडतंच. २०१६मध्ये पहिल्याच वीकेंडला तिसऱ्या क्रमांकाचं ओक्लाहोमा ह्यूस्टनकडून ३३-२३नं हरलं, पाचव्या क्रमांकाचं एलएसयू (लुइझियाना स्टेट) विस्कॉन्सिनकडून १६-१४नं. नॉत्र दाम दहाव्या क्रमांकावर होतं. ते टेक्सासकडून दोन ओव्हरटाइमनंतर ५०-४७नं हरलं आणि पुढे ४-८वर थांबलं. म्हणून मी आता आधी माझा अंदाज लिहितो आणि मगच रँकिंग उघडतो. दोन्हींत फार अंतर पडलं, तर कारण शोधायला बसतो.

"किती खेळाडू गेले" एवढंच मोजणे

पहिली चूक सुधारायला गेलेला माणूस सहसा या दुसऱ्या चुकीत अडकतो. गेलेले खेळाडू मोजायचे आणि आकडा मोठा दिसला की संघावर काट मारायची.

दोन विजेते शेजारी ठेवून पाहा. २०१९चा विजेता एलएसयू. त्यांचे १४ खेळाडू ड्राफ्टमध्ये गेले. २०२१चा विजेता जॉर्जिया. त्यांचे १५ गेले, म्हणजे एकानं जास्तच. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात एलएसयू घरच्या मैदानावर मिसिसिपी स्टेटकडून ४४-३४नं हरलं. क्वार्टरबॅक के. जे. कॉस्टेलोनं त्यांच्याविरुद्ध ६२३ यार्ड फेकले, हा एसईसी या त्यांच्या कॉन्फरन्सचा विक्रम ठरला. जॉर्जियानं मात्र ऑरेगनला ४९-३नं चिरडलं.

फरक कुठे होता? एलएसयूचा क्वार्टरबॅक जो बरो गेला होता. ऑफेन्समागचं (हल्ल्यामागचं) डोकं असलेला जो ब्रेडी एनएफएलमध्ये गेला होता आणि डिफेन्स (बचाव) सांभाळणारा डेव्ह अरांडा बेलरचा मुख्य कोच झाला होता. उत्तम रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) जमार चेसनं कोविडच्या त्या हंगामात न खेळायचं ठरवलं. म्हणजे खेळाडू गेले आणि ज्यांना खेळ तोंडपाठ होता ती माणसंही गेली. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक स्टेटसन बेनेट परत आला होता, ऑफेन्स चालवणारा टॉड मंकन जागेवर होता आणि रिकाम्या जागांवर बसायला वर्षानुवर्षं निवडून आणलेली पोरं बाकावर तयार होती. त्यांचा डिफेन्स को-ऑर्डिनेटर डॅन लॅनिंग तर समोर ऑरेगनचा मुख्य कोच म्हणून उभा होता. त्याला जॉर्जियाची खडान् खडा माहिती असूनही निकाल तो लागला.

तेव्हा आकड्याऐवजी प्रश्न विचारा. क्वार्टरबॅक कोण? प्लेज (मैदानावरच्या चाली) कोण ठरवतो, आणि त्या दोघांनी आधी एकत्र काम केलंय का? समोरच्या फळीतले, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच जण एकमेकांना किती ओळखतात? या तिसऱ्या प्रश्नाकडे कुणीच बघत नाही, कारण त्यांच्या नावापुढे टचडाउन (शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेऊन मिळवलेले गुण) लिहिलेले नसतात. पण क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला वेळ मिळणार की नाही, हे तेच ठरवतात.

मधल्या प्रश्नाचं महत्त्व मला गेल्या वर्षी कळलं. ३० ऑगस्ट २०२५, घरी पाच दिवसांचा गणपती बसलेला, दुपारी फ्लोरिडा स्टेट विरुद्ध अलाबामा. आदल्या वर्षीचा २-१०चा संघ आठव्या क्रमांकाच्या अलाबामासमोर. २०२४चा चटका ताजा होता, त्यामुळे या वेळी मी पूर्ण गुण अलाबामावर टाकले. फ्लोरिडा स्टेट ३१-१७नं जिंकलं! त्यांचा क्वार्टरबॅक टॉमी कॅस्टेलानोस कागदावर नवा, ऑफेन्स को-ऑर्डिनेटर गस मॅल्झानही नवा. पण २०२२मध्ये यूसीएफला (सेंट्रल फ्लोरिडा कॉलेजला) हे दोघं एकत्र होते, आणि मधली दोन वर्षं कॅस्टेलानोस बोस्टन कॉलेजकडून खेळत होता. अलाबामाचा टाय सिम्पसन मात्र आयुष्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून मैदानात उतरला होता. ही माहिती उन्हाळाभर सगळ्यांसमोर होती. मीच ती तपासली नाही.

विजेता आणि फरक यांची गल्लत

सोप्या सामन्यात फरकाचा अंदाज अवघड असतो. बडं कॉलेज छोट्याला घरी बोलावतं, त्याचे पैसे मोजतं आणि बहुतेक वेळा आरामात जिंकतं. पण २८ नं जिंकणार की ४८ नं, हे मुख्य खेळाडूंना किती वेळ खेळवलं यावर ठरतं. आघाडी मोठी झाली की कोच त्यांना बसवतो. पुढच्या आठवड्यात मोठा प्रतिस्पर्धी असेल तर खास प्लेजही झाकून ठेवतो. फरकावर गुण असतील, तर अशा सामन्यांत कमी लावा.

आणि "छोटं कॉलेज" म्हणजे नेमकं कोण, हेही पाहा. १ सप्टेंबर २००७ला अॅपलाचियन स्टेटनं पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला त्यांच्याच मैदानावर ३४-३२नं हरवलं, शेवटचा फील्ड गोल अडवून. जग थक्क झालं. पण अॅपलाचियन स्टेट त्यांच्या विभागाचे सलग दोन वर्षांचे विजेते होते. जिंकण्याची सवय असलेला संघ खालच्या विभागात असला तरी जिंकायलाच येतो.

आधी एक सामना खेळलेल्याला झुकतं माप

काही संघ एक आठवडा आधीच, म्हणजे "वीक झिरो"ला खेळतात. नंतर ते सरावलेले असतात आणि समोरचा गंजलेला, असा हिशेब केला जातो. त्यात तथ्य आहे, पण थोडंसंच. डब्लिनहून परतलेलं फ्लोरिडा स्टेट नऊ दिवसांनी घरी बोस्टन कॉलेजशी खेळलं. बोस्टन कॉलेजचा तो पहिलाच सामना होता. निकाल २८-१३, बोस्टन कॉलेजच्या बाजूनं.

फक्त विजेत्याचं नाव लिहिणे

"अमुक जिंकेल" एवढं लिहून भागत नाही. शंभरात किती वेळा जिंकेल, हेही लिहा. तीन गुणांनी वरचढ मानला जाणारा संघ निम्म्याहून थोड्या जास्तच वेळा जिंकतो, त्याला नव्वद लिहिणं हा उत्साह झाला. मी पहिल्या आठवड्यात कुठल्याही तुल्यबळ सामन्याला सत्तरच्या वर जात नाही. ऑक्टोबरमध्ये जातो.

रविवारी सगळं फिरवणे

अंदाज चुकला की आपण दुसऱ्या टोकाला जातो, आणि हे नुकसान पुढचे कित्येक आठवडे चालतं. २०२२मध्ये नॉर्थवेस्टर्ननं डब्लिनला नेब्रास्काला ३१-२८नं हरवलं. त्यानंतर ते एकही सामना जिंकले नाहीत, १-११. २०२३मध्ये कोलोरॅडोनं आधल्या वर्षीच्या उपविजेत्या टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन) ४५-४२नं हरवलं, तेव्हा कोलोरॅडोचा कोच डिऑन सँडर्स याच्या संघाशिवाय कुणी दुसरं बोलत नव्हतं. तो हंगाम ४-८ संपला. एलएसयूला हरवणारं मिसिसिपी स्टेट पुढच्याच आठवड्यात आर्कान्सॉकडून हरलं.

उलटंही होतं. ४९-३नं हरलेल्या ऑरेगननं तो हंगाम १०-३ असा संपवला. गेल्या वर्षी टॅलाहासीच्या, म्हणजे फ्लोरिडा स्टेटच्या गावातल्या, पराभवानंतर आमच्या गटात अलाबामाला सगळ्यांनी मोडीत काढलं होतं, मी सर्वांत आधी. अलाबामा पुढे प्लेऑफमध्ये (विजेतेपदाच्या बाद फेरीत) पोहोचलं आणि त्यांना हरवणारं फ्लोरिडा स्टेट ५-७वर थांबलं.