हेज खालून टकली का होते? सोसायटी आणि बंगल्याच्या कुंपणाची छाटणी

वरून हिरवीगार आणि गुडघ्याखाली नुसत्या काड्या. ठाणे-नवी मुंबईतल्या निम्म्याअधिक सोसायट्यांची हेज अशीच दिसते, आणि कमिटी दरवेळी खताची गोणी मागवते. पण दोष खतात नसतो, छाटणीच्या आकारात असतो. झाडाचा जोर शेंड्याकडे, त्यामुळे माथा आपोआप रुंदावतो आणि खालच्या पानांवर सावली धरतो. ऊन न मिळालेलं पान झाड फार दिवस ठेवत नाही, गाळून टाकतं. एकदा उघडी पडलेली जुनी काडी सावलीत पुन्हा फुटत नाही.

म्हणून तळ रुंद आणि माथा अरुंद ठेवायचा. एक मीटर उंचीला प्रत्येक बाजूने 5 ते 7 सेंमी आत यायचं. तळाशी 60 सेंमी जाडीची मीटरभर उंच हेज माथ्याला 46 ते 50 सेंमी राहिली पाहिजे. टॉवरच्या सावलीत असलेल्या बाजूला हा कल 10 सेंमीपर्यंत न्या आणि तिथे छाटणीच्या फेऱ्याही कमी करा. भिंतीसारखी सरळसोट हेज नव्या ब्रोशरमध्ये छान दिसते, दोन पावसाळ्यांनंतर नाही.

वेळ पावसावर ठरते. जुलै-ऑगस्टमध्ये ड्युरांटा आणि मेहंदी 3-4 आठवड्यांत हाताबाहेर जातात. ऑक्टोबर ते जानेवारी 5-6 आठवड्यांचं अंतर पुरतं. मार्चनंतर नुसते शेंडे टिपा, कारण आतल्या कोवळ्या सालीवर एकदम कडक ऊन पडलं तर ती भाजते. उंची उतरवायची, जाड फांद्या काढायच्या, असली खोल छाटणी जूनमध्ये दोन-तीन सरी पडून गेल्यावर करा, नाहीतर पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या सुरुवातीला. ऐन झडीत जाड फांदी कापली तर ओला काप बुरशी धरतो आणि काडी टोकापासून खाली काळी पडत जाते. अंगठ्याहून जाड कापावर बोर्डो पेस्ट लावावी: 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडाच्या नको.

फुलांचं गणित वेगळं आहे. बोगनवेल नव्या फुटीवर फुलते, म्हणून तिची मोठी छाटणी ऑक्टोबरपर्यंत उरका. डिसेंबरात कापलीत तर हंगामाचा पहिला बहर कचऱ्यात गेला. एक्झोराचा गुच्छ फांदीच्या टोकाला येतो, म्हणून दर महिन्याला मशीन फिरवलेल्या एक्झोराला फुलं येतच नाहीत. चौकोनी आकार हवा की फुलं, ते सभासदांनी आधीच ठरवावं.

कात्री लावण्याआधी हेजच्या दोन्ही बाजूंनी चालत जा आणि हाताने नव्हे, काठीने फांद्या बाजूला करून आत बघा. सीसीटीव्हीची केबल, गार्डन लाइटची वायर, ठिबकची नळी आणि पाइप गॅसचा व्हॉल्व्ह हे सगळं हेजमध्ये बुजलेलं असतं. तिथे लाल फीत बांधा. बुलबुल किंवा शिंप्याचं घरटं दिसलं तर आजूबाजूचा मीटरभर भाग तीन-चार आठवडे तसाच सोडा. गांधीलमाशांचं पोळं असेल तर त्या दिवशी तिथे काम नको. येऊरच्या पायथ्याच्या आणि घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या बाजूला पावसाळ्यात हिरवा चापडा हा विषारी साप झुडपाच्या फांदीवरच बसतो, आणि पाल्यात तो सहज दिसत नाही. गमबूट आणि जाड हातमोजे तिथे घालायचेच.

पान बघून हत्यार निवडा. मेहंदी, ड्युरांटा, कामिनी, बारीक पानांचा फायकस यांना मशीन किंवा मोठी कात्री चालते. जास्वंद, अकॅलिफा, क्रोटन यांना सिकेटरच (एका हाताने चालवायची छोटी कात्री), कारण मशीनने अर्धवट चिरलेल्या मोठ्या पानांच्या कडा दोन दिवसांत तपकिरी होतात आणि हेज करपल्यासारखी दिसते. पात्याची धार बोटाने नाही, कोवळ्या फांदीवर तपासा: काप गुळगुळीत हवा. साल दोऱ्यासारखी लोंबत राहिली की कात्री आधी कानशीवर. कात्रीच्या पात्याला उतार एकाच बाजूला असतो, धार त्याच बाजूने लावायची. सपाट बाजू घासली तर पाती एकमेकांना भिडत नाहीत आणि पाला कापण्याऐवजी मध्ये दुमडतो.

दर 3 मीटरवर खुंटी ठोका आणि माथ्याच्या उंचीला दोरी ताणा. जमीन उताराची असेल तर गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी वापरा, डोळ्यावर विसंबू नका. आधी बाजू घ्या, तळापासून वर जात, म्हणजे कापलेला पाला न कापलेल्या भागावर पडत नाही. माथा शेवटी. नव्या फुटीपैकी सेंटिमीटरभर दरवेळी राखा, सगळी पुसून टाकू नका. यामुळे हेज हळूहळू मोठी होते, म्हणून दोन वर्षांतून एकदा जुन्या गाठींच्या खाली 10-15 सेंमी उतरवावी लागते.

फारच माजलेली हेज एका दमात कापू नका. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पाला नको. जूनमध्ये एक बाजू आत घ्या आणि तिला दाट फुटवा आला की ऑक्टोबरमध्ये दुसरी. मेहंदी, ड्युरांटा, जास्वंद जुन्या लाकडातून फुटतात. मोरपंखी मात्र फुटत नाही. तिच्या हिरव्या भागाच्या आत कापलंत की ते भगदाड कायमचं.

पिठ्या ढेकूण लागलेल्या फांद्या वेगळ्या पिशवीत भरा आणि पुढच्या झाडाला हात लावण्याआधी पाती स्पिरिटने पुसा. फायकसचा चीक रॉकेलच्या फडक्याने निघतो. तो डोळ्यांत उडतो, म्हणून गॉगल लावा. कण्हेरीचा पाला विषारी असतो: जाळू नका आणि कोणी बकऱ्यांसाठी मागितला तरी देऊ नका. ड्युरांटाची पिवळी फळंही विषारी असतात, खेळायच्या जागेजवळची कापूनच टाकावीत.

हेजच्या रांगेत अशोक किंवा खोड धरलेला फायकस असेल तर ते झाड कायद्याने वृक्ष ठरू शकतं. त्याला हात लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा.

पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवरच्या बागेत, काम असेल तर सुरू करण्याआधी ताडपत्री पसरा आणि पाणी जाण्याच्या जाळ्या झाका. ड्युरांटाची बारीक पानं जाळीतून आत जाऊन पाइपच्या वळणात बसतात, जुलैत स्लॅबवर पाणी तुंबतं आणि खालच्या पार्किंगमध्ये टपकायला लागतं. काम संपल्यावर प्रत्येक जाळी उचलून आत बादलीभर पाणी ओता. ते अडखळत गेलं तर तिथल्या तिथे उपसा.

खत लगेच नको. पंधरा दिवसांनी नवे डोळे फुटलेले दिसले की दर झाडाला मूठभर शेणखत आणि 20 ग्रॅम 15:15:15 (नत्र-स्फुरद-पालाशचं मिश्रखत), बुंध्यापासून वीतभर लांब, ओल्या मातीत.