ड्रॉइंगवरच्या चिन्हापासून ३जी जोडापर्यंत

वेल्डिंगमध्ये साधा फिलेट (दोन प्लेटच्या कोपऱ्यातलं तिकोनी वेल्ड) हातात बसला की पुढचा टप्पा उभ्या प्लेटवरच्या व्ही-ग्रूव्हचा (तिरप्या कडांमधल्या व्ही आकाराच्या खाचेचा), म्हणजे ३जी जोडाचा. तो आणि ड्रॉइंगवाचन एकत्रच शिकावं. चुकीच्या बाजूला मारलेलं वेल्ड कितीही देखणं असलं तरी ते खरवडूनच काढावं लागतं.

आधी कागद

सुरुवात टायटल ब्लॉकपासून: मटेरियल, रिव्हिजन, प्रोजेक्शन (दृश्यं मांडायची पद्धत). फर्स्ट अँगलमध्ये वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याखाली असतं, थर्ड अँगलमध्ये त्याच्या वर. इथे गफलत झाली की ब्रॅकेट उलट्या हाताचा बनतो. कागदावर पट्टी ठेवून माप काढू नका. लिहिलेलं मापच खरं.

मग वेल्डिंगचं चिन्ह. एडब्ल्यूएस (अमेरिकन वेल्डिंग सोसायटी) पद्धतीत आडव्या रेषेखाली काढलेलं चिन्ह बाणाच्या बाजूचं, वर काढलेलं पलीकडच्या बाजूचं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ‘ए’ पद्धतीत सलग रेषेसोबत तुटक रेषा असते आणि तुटक रेषेवरचं चिन्ह पलीकडचं. कोपऱ्यावर गोल असेल तर सभोवती वेल्ड, झेंडा असेल तर साइटवर करायचं वेल्ड.

आकड्यांत जास्त फसगत होते. आयएसओ ड्रॉइंगवरचं ‘ए५’ म्हणजे फिलेटचा गळा (कोपऱ्यापासून वेल्डच्या पृष्ठभागापर्यंतची जाडी) ५ मिमी, ‘झेड५’ म्हणजे पाय (प्लेटला लागून असलेली वेल्डची बाजू) ५ मिमी. गळा ५ हवा तर पाय साधारण ७ लागतो. ‘ए५’ वाचून पाय ५ चा केला तर गळा जेमतेम ३.५ भरतो. तुटक वेल्डचंही तसंच. एडब्ल्यूएसमधलं ५०-१५० म्हणजे ५० लांबीचे तुकडे, मध्यापासून मध्यापर्यंत १५० अंतरावर. आयएसओ ‘ए’मध्ये कंसातले १५० म्हणजे दोन तुकड्यांमधली मोकळी जागा.

सराव म्हणून प्रत्येक चिन्हाचं वाक्य करा: ‘बाणाच्या बाजूला ६० अंशांचा व्ही, रूट गॅप ३, वरून ग्राइंड करून सपाट.’ (रूट गॅप म्हणजे तळाशी दोन प्लेटमधली फट.) तेच खडूने जॉबवर लिहा.

तयारी

१० मिमीच्या माइल्ड स्टीलच्या दोन प्लेटना प्रत्येकी ३० अंशांचा बेव्हल (तिरका काप) द्या, रूट फेस (कडेच्या तळाचा न कापलेला सपाट भाग) १.५ मिमी ठेवा. कडेपासून २५ मिमीपर्यंत दोन्ही बाजूंनी चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. क्लोरीनयुक्त क्लीनर वापरू नका. आर्कच्या उष्णतेने त्यातून फॉसजीन हा विषारी वायू तयार होतो. ३.१५ मिमीच्या रॉडवरचं फ्लक्स (बाहेरचं आवरण) झाडून ती तार गॅपमध्ये धरा आणि टॅक (प्लेट धरून ठेवणारे छोटे वेल्ड) मारा. वेल्ड वर सरकतं तसा गॅप आवळतो, म्हणून वरचं टोक थोडं जास्त उघडं ठेवा. प्लेटना दोन-तीन अंश उलटा वाक द्या, थंड होताना जोड ओढला जाऊन सरळ येतो. टॅकची टोकं ग्राइंड करून निमुळती करा.

रूट

रूट म्हणजे तळाचा पहिला थर. टिग (टंगस्टनच्या टोकाने, आर्गॉन वायूच्या आवरणात), डीसी, टॉर्च निगेटिव्हला. टंगस्टन २.४ मिमी, फिलर ईआर-७०एस-६, करंट सुमारे ९०–११० अँपिअर, आर्गॉन मिनिटाला ८–१० लिटर. खालून वर चला.

नजर कीहोलवर: वितळलेल्या धातूच्या डबक्याच्या पुढे गॅपपेक्षा किंचित मोठं भोक कायम दिसलं पाहिजे. ते मिटलं तर मागे पेनिट्रेशन नाही, म्हणजे वेल्ड पार मागपर्यंत पोचत नाही. मोठं होत गेलं तर करंट उतरवा किंवा वेग वाढवा. टंगस्टन डबक्यात बुडालं तर तसंच दामटू नका. थांबा, टोक लांबीच्या दिशेने घासा. शेवटी करंट हळूहळू कमी करा, नाहीतर क्रेटरला (शेवटच्या खळग्याला) चीर पडते. आर्क विझल्यावर गॅस वाहतोय तोवर टॉर्च जागेवरच धरा.

भरण आणि कॅपिंग

मधले थर आणि सगळ्यात वरचा थर, म्हणजे कॅप, यांसाठी ३.१५ ची ई-७०१८ रॉड पॉझिटिव्हला, १०५–१२० अँपिअर, आर्क आखूड, हेल्मेटची काच १० किंवा ११ नंबरची. दोन्ही कडांना थांबा, मधून झटकन पार व्हा. कडेला घाई केली की अंडरकट (वेल्डच्या कडेला पडलेली खाच) येतो, मध्ये उंचवटा उठतो आणि त्याच्या कुशीत स्लॅग (फ्लक्सची घट्ट झालेली मळी) अडकतो. दर रननंतर (थरानंतर) स्लॅग पूर्ण काढा. उघड्या पाकिटातल्या रॉड बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे भट्टीत वाळवा, साधारण ३००–३५० अंशांवर तासभर. ओलावा राहिला तर पोरॉसिटी (वेल्डमधली वायूची छिद्रं) येते, आणि हायड्रोजनची चीर तर कधी काही तासांनी उघडते.

तपासणी

जोड आडवा कापून पट्ट्या काढा. एक रूट बाहेर ठेवून, दुसरी कॅप बाहेर ठेवून वाकवा. ३ मिमीपेक्षा मोठी फट म्हणजे नापास. रूटची पट्टी उघडली तर गॅप, रूट फेस आणि कीहोल तपासा. कॅपची उघडली तर रनमधली सफाई आणि कडांवरचं थांबणं.