जुन्या गाडीला आरपीएम मीटर बसवताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही बघा, जुनी बुलेट नाहीतर येझदी जरा नीट करून झाली की पोरांना पुढची हौस सुचते ती इलेक्ट्रॉनिक आरपीएम मीटरची, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे मारतंय ते दाखवणाऱ्या मीटरची. हौसेला माझी ना नाही. पण मीटर ऑनलाइन मागवायचं, व्हिडिओ अर्धाच बघायचा, वायरी रंग बघून जोडायच्या आणि काटा हलला की झालं म्हणायचं, हे बघून बघून वैताग आलाय. काटा हलला म्हणजे खरं दाखवतोय असं नसतंय.

सगळ्यात मोठी चूक सेटिंगची. खानापूरकडचा एक पोरगा पॉइंटवाली (स्पार्कसाठी उघडझाप करणाऱ्या जुन्या कॉन्टॅक्टची) 350 बुलेट घेऊन आला, तक्रार काय तर पहिला गियर टाकला की गाडी खाडकन उडी मारते आणि ट्रॅफिकमध्ये तापते. आधी एका ठिकाणी क्लच प्लेटा बदलून झालेल्या, केबल बदलून झालेली, पैसे गेले, उडी तशीच. किक मारल्या मारल्या आवाजावरूनच कळलं, स्लो, म्हणजे उभ्या गाडीचा इंजिनचा स्पीड, फार वाढलाय. म्हटलं, "स्लो एवढा का वाढवलायस रे?" तर म्हणतो, "काका, मीटरवर बघा की, बरोब्बर हजार हाय."

आता बघा, हे मीटर इंजिनचे फेरे मोजत नाही, स्पार्क मोजतंय. बुलेट फोर-स्ट्रोक, तिचे पॉइंट उघडणारा कॅम क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या स्पीडने फिरतो, म्हणजे दोन फेऱ्यांना एक स्पार्क. मीटर होतं एका फेरीला एक स्पार्क या सेटिंगवर, त्यामुळे निम्मं दाखवत होतं, आणि या बहाद्दरानं 500 दिसतंय म्हणून स्क्रू पिळून पिळून हजारावर आणलेलं, म्हणजे खरे 2000! मीटरच्या मागं बारीक स्विच होता, तो सरकवला, स्लो खाली आणला, उडी बंद. क्लचला काहीच झालं नव्हतं.

येझदीचं उलट, टू-स्ट्रोक, दर फेरीला स्पार्क, तिला बुलेटचं सेटिंग ठेवलं तर दुप्पट दाखवणार. आरडी 350 ला दोन सिलिंडर, दोन कॉइल (प्लगला स्पार्कचा करंट देणाऱ्या), पण सिग्नल एकाच कॉइलवरून घ्यायचा आणि सेटिंग सिंगल टू-स्ट्रोकचंच. आणि बुलेटचे पॉइंट काढून क्रँकवरून चालणारं इलेक्ट्रॉनिक किट टाकलं असेल तर ते बहुतेक दर फेरीला स्पार्क देतंय, मग परत हिशोब बदलला.

तपासायला मी मशीन वापरत नाही. सायलेन्सरजवळ मोबाईल धरून 6 सेकंद आवाज रेकॉर्ड करतो, मग हळू स्पीडला लावून ठोके मोजतो. बुलेटचे 50 ठोके आले तर गुणिले 20, म्हणजे 1000. सिंगल सिलिंडर टू-स्ट्रोकला गुणिले 10. कंटाळवाणं आहे, पण खोटं बोलत नाही.

दुसरी चूक सिग्नलच्या वायरीची. पॉइंटच्या गाडीत ती कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला लागते, आणि पॉइंट उघडताना तिथं शेकड्यांनी व्होल्टचा झटका येतो. मीटर त्यासाठी बनवलेलं आहे का ते कागदावर वाचा. दुसरं म्हणजे ही वायर कुठं घासून बॉडीला लागली तर स्पार्कच बंद. हँडल डावीकडं वळवलं की गाडी बंद पडते, सरळ केलं की चालू, अशी तक्रार आली की मी कार्बोरेटरला हातच लावत नाही, आधी स्टिअरिंगच्या स्टॉपरपाशी चेपलेली वायर शोधतो. स्लीव्ह घाला, हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा, मगच टाय मारा. प्लगच्या वायरीवर गुंडाळायचा मीटर असेल तर नुसते चार-पाच वेढे द्यायचे, प्लगची वायर सोलायची नाही. सोलणारे बघितलेत मी.

करंट हेडलाइटच्या वायरीतून घेऊ नका, पुष्कळ जुन्या टू-स्ट्रोकवर तिथं मॅग्नेटचा एसी असतोय, मीटर जळणार. चावीनंतरचा बॅटरीचा करंट घ्या, मध्ये 1 अँपियरचा फ्यूज टाका. जुनी येझदी 6 व्होल्टची, 12 चं मीटर तिच्यावर चालणार नाही, व्होल्ट वाढवणारा छोटा बूस्ट कन्व्हर्टर लागतो. जुन्या इंग्लिश गाड्यांत कधी बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, तेवढं बघून घ्या, उलटं जोडलं की संपलं. अर्थिंग रंगावर स्क्रू पिळून होत नाही, बॅटरीपर्यंत वेगळी वायर ओढा.

बुलेटवर मीटरखाली रबर पाहिजेच. पावसात चोर्ला-आंबोलीकडं जाणार असाल तर कनेक्टर हेडलाइटच्या डोममध्ये तोंड खाली करून ठेवा.

आणि काटा वेड्यासारखा उडत असेल तर मीटर परत पाठवायच्या आधी प्लगची कॅप बदला, 5 किलोओमची रेझिस्टरवाली घ्या, सिग्नलची वायर प्लगच्या वायरीपासून लांबून न्या. बहुतेक वेळा तेवढ्यानं काटा जागेवर येतो.