‘नोंद काढा’ म्हणजे पुसा की दाखवा? सॉफ्टवेअरचं मॅन्युअल तपासताना या चुका टाळा

लासलगाव-पिंपळगावच्या खळ्यांवर कांद्याचा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं मराठी मॅन्युअल घ्या. शुद्धलेखन बहुधा ठीक असतं, घोळ क्रियापदांत असतो.

सगळ्यात धोक्याचं ‘काढणे’. ‘पट्टी काढा’ म्हणजे व्यवहाराची चिठ्ठी छापा. पण ‘जुनी नोंद काढा’ म्हणजे शोधून समोर आणा की पुसून टाका? मराठीत दोन्ही अर्थ रोजचे आहेत आणि चुकीचा अर्थ घेतला तर नोंद जाते. म्हणून ‘छापा’, ‘शोधा’, ‘हटवा’ असं एका कामाला एकच क्रियापद ठरवा. बटणावर ‘हटवा’ असेल तर मजकुरातही ‘हटवा’च हवं, ‘पुसा’, ‘रद्द करा’ असे पर्याय नकोत. नुसती ‘पट्टी’ही नको: लिलावानंतरची सौदापट्टी वेगळी, वजनानंतरची हिशोबपट्टी वेगळी.

‘वजन टाका’ हे अर्धवट वाक्य. रकाना क्विंटलचा असताना कुणी किलोत २३४० भरलं, तर १,५०० रुपये भावाने ३५,१०० ऐवजी ३५,१०,००० रुपये होतात. ‘वजन क्विंटलमध्ये भरा, उदा. २३.४०’ असं लिहा.

‘फाइल विंडोत उघडल्यावर ती बंद करा.’ फाइल स्त्रीलिंगी, विंडोही स्त्रीलिंगी. मग ‘ती’ कोण? नाम पुन्हा लिहा, कानाला खटकलं तरी चालेल.

‘बॅकअप घ्यावा’ हा सरकारी मराठीत आदेश असतो, बोलण्यात सल्ला. आरएफसी २११९ या इंटरनेट मानकांसाठीच्या १९९७ च्या दस्तऐवजाने ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ यांचे अर्थ बांधून दिले. तसंच ‘घ्यायलाच हवा’, ‘घेतलेला बरा’, ‘हवा तर घ्या’ हे तीन दर्जे मॅन्युअलच्या सुरुवातीलाच ठरवा.

आणि शब्द बदलताना ‘सर्व बदला’ कधीही दाबू नका. ‘बिल’च्या जागी ‘पावती’ घातली की ‘बिलात’चं ‘पावतीात’ होतं, ‘बिलकुल’चं ‘पावतीकुल’. शिवाय ‘तुमचं बिल’ होतं, आता ‘तुमचं पावती’ उरतं. एकेक जागा पाहूनच बदला. आधीच दाबलं असेल तर दीर्घ वेलांटीला लागून काना आलाय का, ते शोधा: ‘पावतीात’, ‘पावतीावर’सारखे शब्द सापडतील. लिंगाच्या चुका मात्र शोधात येत नाहीत. ‘पावती’ असलेलं प्रत्येक वाक्य वाचावंच लागतं.