गावोगावी कविता पोचवणाऱ्या संस्थेला साथ कशी द्यावी

कवितेसाठी काम करणाऱ्या संस्थेला कवींची वानवा कधीच नसते. कार्यक्रम जाहीर झाला की ‘मलाही दोन कविता वाचायच्या आहेत’ असे फोन सुरू होतात. सतरंज्या घालायला, माईकचं भाडं द्यायला आणि नुसतं ऐकायला येणारी माणसं मात्र शोधावी लागतात. तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या हॉलमध्ये दरमहा कवितावाचन करणाऱ्या, शाळांत, वृद्धाश्रमांत, वस्त्यांवर कविता घेऊन जाणाऱ्या बहुतेक संस्थांची हीच अडचण असते. तुम्हाला मदत करायची असेल तर या बाजूने करा.

१. आधी कार्यक्रमाला जा

महाराष्ट्र साहित्य परिषद (स्थापना १९०६), विदर्भ साहित्य संघ (१९२३), मराठवाडा साहित्य परिषद, कोकण मराठी साहित्य परिषद (कोमसाप) या संस्थांच्या शाखा जिल्ह्या-तालुक्यांत आहेत. त्याशिवाय स्थानिक मंडळं, कट्टे आणि वाचनालयांचे उपक्रम असतात. जवळच्या वाचनालयातल्या ग्रंथपालांना विचारलंत तर आपल्या भागात खरोखर काम कोण करतं, ते पाच मिनिटांत कळेल.

लगेच पैसे देऊ नका. दोन-तीन कार्यक्रम शेवटपर्यंत ऐका. समोर बसलेल्यांत कवींखेरीज कोण आहे? शाळकरी मुलं, दुकान बंद करून आलेला माणूस, घरकाम उरकून आलेली बाई दिसते का? सत्कारांना जास्त वेळ जातो की कवितेला? ही संस्था हॉलबाहेर कुठे जाते का? एवढं पाहिलंत की अहवाल वाचण्याआधीच बरंच समजतं.

२. कागद पाहा

चांगल्या संस्थेला हे विचारल्याचा राग येत नाही. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, मागच्या वर्षीचं लेखापरीक्षण झालंय का, कार्यकारिणीत कोण आहे, एवढं विचारा. नोंदणी नसलेला कट्टाही उत्तम काम करत असू शकतो. तिथे रोख रक्कम देण्याऐवजी थेट वस्तू किंवा सेवा द्या. माईकवाल्याचं बिल तुम्ही परस्पर भागवा, पुस्तकं स्वतः विकत घेऊन द्या.

३. थोडे द्या, पण दरमहा द्या

वर्षातून एकदा आलेल्या मोठ्या देणगीतून एक झगमगीत सोहळा होतो. बाकीचे अकरा महिने कोरडे जातात. त्यापेक्षा दरमहा २०० रुपये देणारे ५० जण उभे राहिले, तर महिन्याला १०,००० रुपये ठरलेले येतात आणि कार्यकारिणीला वर्षाचं वेळापत्रक आखता येतं. बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवा, म्हणजे खजिनदाराला दर महिन्याला तुमची आठवण काढावी लागणार नाही. आजीव सभासदत्व घ्यायलाही हरकत नाही. पण ती रक्कम एकदाच येते, हे लक्षात असू द्या.

पावती घ्याच. प्राप्तिकरात वजावट हवी असेल तर संस्थेकडे ज्याला आपण ८०जी म्हणतो ती मान्यता हवी. २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यासाठी चालत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय वापरा. नुसती पावतीही पुरत नाही. संस्थेने तुमची देणगी प्राप्तिकर खात्याला कळवून तिथून निघालेलं प्रमाणपत्र तुम्हाला द्यावं लागतं. ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते.

परदेशातल्या मराठी माणसांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असूनही ते परकीय योगदान ठरतं. मग संस्थेची २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी लागते आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. लहान संस्थांकडे ही नोंदणी सहसा नसते. प्रेमापोटी परस्पर पाठवलेल्या पैशांनी त्या अडचणीत येतात, तेव्हा आधी विचारा.

४. कवीच्या मानधनाची जबाबदारी घ्या

माझ्या मते सगळ्यात मोलाची मदत हीच. गायकाला, तबलजीला, मांडववाल्याला पैसे द्यायचे असतात हे आपल्याला मान्य असतं, कवीला मात्र शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ. लातूरहून किंवा चंद्रपूरहून येणारा तरुण कवी दिवसाची मजुरी किंवा रजा खर्चून येतो. त्याला गुच्छ नको असतो, प्रवासखर्च हवा असतो. तो मागायला त्याला संकोच वाटतो आणि द्यायचं आयोजकांकडून राहून जातं.

संस्थेला सरळ सांगा: वर्षातल्या अमुक कार्यक्रमांचं मानधन आणि प्रवासखर्च माझ्याकडे. अट एवढीच, की पाकीट कार्यक्रमाआधी कवीच्या हातात पडावं आणि देणगीदार म्हणून माझा सत्कार होऊ नये. शाली वाचल्या की पुढच्या कवीचं भाडं निघतं.

पैशांइतकीच गरज मुक्कामाची असते. कार्यक्रम साडेसातला संपतो आणि परतीची शेवटची एसटी सातला गेलेली असते. तुमच्या घरी एक खोली मोकळी असेल, तर संस्थेच्या यादीत नाव देऊन ठेवा. रात्री वरण-भात, सकाळी चहा-पोहे आणि स्टँडपर्यंत सोडणं, एवढ्यावर लॉजचा खर्च वाचतो. शिवाय जेवणानंतर कवी जे बोलतो ते व्यासपीठावर कधी ऐकायला मिळत नाही.

५. श्रोता व्हा, आणि दोन श्रोते आणा

कविता लोकांत नेण्याची आपल्याकडची परंपरा ऐकणाऱ्यांनी टिकवली आहे. १९२३ साली पुण्यात सुरू झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायन लोकप्रिय केलं. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगावी एकत्र कवितावाचन केलं आणि एरवी कवितेच्या वाटेला न जाणारी माणसं त्याला गर्दी करत. समोर असा श्रोता असला की कवीही वेगळं वाचतो.

जाताना शेजाऱ्यांना, नोकरीतल्या सहकाऱ्याला, बारावीतल्या भाचीला सोबत न्या. ‘साहित्यिक कार्यक्रम आहे’ असं सांगू नका, माणसं दबकतात. आवडलेल्या चार ओळी म्हणून दाखवा, लगेच येतील. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, हॉल तसाही भरतो. तुमची गरज जुलैच्या पावसातल्या कार्यक्रमाला असते.

६. जे काम येतं ते द्या

हिशेब येत असेल तर खजिनदाराच्या शेजारी बसा. वर दिलेली सगळी करविषयक कामं बहुधा एकच निवृत्त शिक्षक करत असतो. युनिकोडमध्ये टंकलेखन येत असेल तर निमंत्रणं आणि कवितांच्या पुस्तिका करून द्या.

पुस्तिका किंवा भित्तिपत्रक छापताना हक्कांचं पाहा. आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. केशवसुत (मृत्यू १९०५) किंवा बालकवी (१९१८) मोकळेपणाने छापता येतात. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांची अख्खी कविता छापायला परवानगी लागेल. परवानगीची पत्रं लिहिणं हेही कुणीतरी अंगावर घ्यावं असं काम आहे.

७. गावातली कविता उतरवून घ्या

संस्था गावात कविता नेते, तशी गावातली कविता बाहेरही यायला हवी. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी त्यांची गाणी लिहून ठेवली नसती, तर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती छापली गेलीच नसती. हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्याही अशाच घरोघरी जाऊन.

तुमच्या संस्थेला हा उपक्रम सुचवा आणि पहिलं रेकॉर्डिंग स्वतः करा. ज्या आजींना ओव्या येतात त्यांची परवानगी घ्या. पंखा आणि टीव्ही बंद करा, मोबाइल विमानमोडवर टाकून त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. ‘ओवी म्हणा’ म्हटलं की त्या ‘आता आठवत नाही’ म्हणतील. हातात पाखडायचं सूप दिलंत किंवा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना सोबत बसवलंत तर एकीला दुसरीची आठवण येत जाते. मध्ये टोकू नका, शब्द सुधारू नका, बोलीत जसं आलं तसंच लिहा. फाइलला नाव, गाव, माहेर आणि तारीख घाला. माहेर विसरू नका, ओव्या बहुधा तिथूनच आलेल्या असतात. एक प्रत संस्थेला द्या, एक त्यांच्या घरच्यांना, आणि पुढच्या कार्यक्रमाला आजींना पहिल्या रांगेत नव्हे, माईकसमोर बसवायला सांगा. त्यांचंही मानधन धरा.