अजिंठ्यातली गर्दी: लेणी सांभाळताना या चुका टाळा

माणूस नुसता उभा राहिला तरी त्याच्या श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ५० ग्रॅम बाष्प आणि सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ४० जण, १५ मिनिटं, असा नियम आहे. तो काटेकोर पाळला तरी दर तासाला दोन लिटर पाणी आणि चार किलोवॅटच्या हीटरइतकी ऊब आतल्या हवेत मिसळते. पायऱ्या चढून घामेजलेली माणसं थेट आत शिरली, तर त्याहून जास्त.

ही चित्रं ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. बेसॉल्टच्या कातळावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर चिकट माध्यमात घोटलेले रंग, अशी त्यांची घडण आहे. मातीचा गिलावा दिवसा ओल धरून फुगतो आणि रात्री सुकून आक्रसतो. हे वर्षानुवर्षं होत राहिलं की तो कातळापासून सुटतो, आतून पोकळ होतो आणि रंगाचे पापुद्रे उठतात.

चूक: दिवसभराचा आकडा मोजणं

‘आज इतके पर्यटक आले’ या आकड्यावरून भिंतीचं काय झालं ते कळत नाही. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा साधारण १०० किलोमीटर. सकाळी निघालेल्या बसगाड्या सगळ्या एकदमच पोचतात, म्हणून अकरा ते दोन लेणी ओसंडतात आणि सकाळी नऊला लेणं क्रमांक १ जवळपास रिकामं असतं. मोजायचं ते एका क्षणी आत किती माणसं आहेत ते. ४० जणांना १५ मिनिटं म्हणजे एका लेण्यात तासाला १६० जण, त्यापलीकडे नाही. फर्दापूरच्या टी पॉइंटवर खासगी गाड्या थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर शटल बसने जावं लागतं. गर्दीचा नळ तिथेच आहे. दर दहा मिनिटांनी ५० जणांची बस सोडली की वर तासाला ३०० माणसं पोचतात, म्हणजे एका लेण्याच्या क्षमतेच्या जवळपास दुप्पट.

यावर उपाय म्हणजे बसमध्येच वेगवेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या देणं. एका रंगाचा गट आधी १ आणि २ मध्ये, दुसरा थेट १६-१७ मध्ये, तिसरा २६ मधल्या महापरिनिर्वाणाच्या शिल्पापासून सुरुवात करून उलटा येईल. आज सगळे प्रवेशद्वारापासून क्रमाने निघतात, म्हणून १ नंबरवर रांग लागते आणि रांग लागली की पहारेकरी दबावाखाली ४० चे ७० होऊ देतात. दोष त्याचा नाही, नियोजनाचा आहे.

चूक: माहिती आत सांगणं

लेणं १ मध्ये पद्मपाणी आणि वज्रपाणी या बोधिसत्त्वांची चित्रं गर्भगृहाच्या दोन बाजूंना आहेत. गाइड तिथे दहा मिनिटं बोलला की मागचा गट खांबांवर रेटला जातो. खांद्यावरच्या सॅक नेमक्या रंगवलेल्या खांबांच्या उंचीवर येतात. जातककथा, रंगांची माहिती, कुठे काय पाहायचं, हे सगळं बाहेर ओट्यावर सांगावं. तेवढ्यात घामही सुकतो. आत फक्त बोट दाखवायचं, तेही हात लांब ठेवून. आतली वाट एकेरी ठेवा: डाव्या ओवरीतून गर्भगृहाकडे, उजवीकडून बाहेर.

शाळेच्या सहलीत १२० मुलं असतील तर ३०-३० चे चार गट आणि प्रत्येकामागे दोन शिक्षक. दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, पावसाळ्यात छत्र्या आणि रेनकोट बाहेरच. भिजलेले कपडे हा आत येणाऱ्या ओलीचा मोठा वाटा असतो, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

चूक: फ्लॅशवर सगळा भर

फ्लॅशबंदी योग्यच आहे, पण गेरू, पिवळी माती, हिरवी माती, लाजवर्द (निळा दगड) हे रंग खनिजांचे आहेत आणि प्रकाशाला बऱ्यापैकी टिकतात. फोटोपायी होणारं खरं नुकसान थांबण्याचं आणि मागे सरकताना पाठ भिंतीला लागण्याचं असतं. कठड्यापासून अंतर राखण्यावर ताकद लावा. गाइडने बॅटरी भिंतीच्या अगदी जवळ धरू नये. उष्ण हॅलोजन तर नकोच. अतिनील किरण नसलेला, कमी उष्णतेचा एलईडी प्रकाश पुरतो.

चूक: आर्द्रतेची टक्केवारी वाचून थांबणं

सापेक्ष आर्द्रता तापमानाबरोबर बदलते, त्यामुळे एकटा आकडा फसवतो. दर लेण्यात दोन डेटालॉगर (तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवणारी यंत्रं) लावा, एक दाराजवळ, एक गर्भगृहाशी, डोक्याच्या उंचीवर, चित्रापासून दूर. दर दहा मिनिटांनी नोंद. त्यातून दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो आकडा, काढा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने भिंतीचं तापमान पाहा. भिंत दवबिंदूच्या खाली गेली की तिच्यावर पाणी धरणारच. जूनमध्ये बाहेरची दमट, गरम हवा थंड कातळाला लागते तेव्हा हे हमखास घडतं. त्या दिवशी दार सताड उघडं ठेवून ‘हवा खेळती’ करणं उलटं पडतं.

सोबत कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर हवा. बाहेर साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. आत १००० झाला की प्रवेश थांबवा, उतरला की पुन्हा सुरू. हा आकडा बंद खोल्यांसाठी वापरला जातो. लेण्यांसाठी पहिल्या हंगामापुरता धरावा आणि नोंदी बघून खाली आणावा.

चूक: प्रतिकृती बांधून मोकळं होणं

फ्रान्समधली लास्को ही आदिमानवाच्या चित्रांची गुहा १९६३ मध्ये बंद करावी लागली आणि १९८३ पासून लोक जवळच उभारलेली प्रतिकृती बघतात. अजिंठ्याच्या पायथ्याशी अभ्यागत केंद्रात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या गेल्या, पण केंद्र नंतर बंद पडलं. बांधकामाइतकंच वीज, पाणी आणि देखभालीचं अंदाजपत्रक दरवर्षी स्वतंत्र लागतं, आणि शटलच्या वाटेत ते केंद्र आधी यायला हवं.

भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर

ते बहुतेक क्षार असतात, पाण्याबरोबर गिलाव्यातून वर आलेले. ओल्या फडक्याने पुसू नका. क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि पुढच्या वेळी रंगासकट बाहेर येतात. मोजपट्टी शेजारी धरून फोटो, तारीख, लेणं क्रमांक आणि भिंतीची जागा नोंदवा, वर कातळात पाझर आहे का पाहा आणि पुरातत्त्व खात्याच्या विज्ञान शाखेला कळवा. तोवर त्या भिंतीपुढचा कठडा अर्धा मीटर मागे घ्या. झाडलोट केरसुणीने करू नका, धूळ उडून ओलसर रंगावर बसते. व्हॅक्यूम क्लीनर वापरा, आणि सोमवारी, लेणी बंद असतात तेव्हा.