टॉवरचं वीजबिल कमी करायचंय? मग या चुका टाळा

मोबाइल कंपनीच्या नेटवर्कला जेवढी वीज लागते, त्यातली साधारण तीन चतुर्थांश टॉवरच्या साइट्सवर खर्च होते. कोअर (कॉल आणि डेटाला वाट दाखवणारी मध्यवर्ती यंत्रणा), डेटा सेंटर, ऑफिसं हे सगळं उरलेल्या चतुर्थांशात. त्यामुळे बचतीचं फर्मान सुटलं की ते साइटवरच येऊन आदळतं. रात्री कॅरिअर (एकेका फ्रीक्वेन्सीची वाहिनी) बंद करा, पॉवर उतरवा, डिझेल वाचवा, एसीचं बघा. फर्मान चुकीचं नसतं. राबवताना मात्र त्याच त्या चुका होतात आणि सहा महिन्यांनी बिल जिथल्या तिथे.

ट्रॅफिक कमी म्हणजे वीज कमी, असं धरून चालणं

बाकीच्या बऱ्याच चुका या एका समजुतीतून निघतात, म्हणून इथे जरा थांबू.

युरोपात २०१० साली 'अर्थ' नावाचा संशोधन प्रकल्प सुरू झाला. त्यात बेस स्टेशनच्या विजेचं एक सोपं गणित मांडलं गेलं. त्या काळच्या एलटीई (४जी) मॅक्रो साइटवर, म्हणजे मोठ्या टॉवरवर, २० वॉट रेडिओ पॉवर देणारा एक ट्रान्सीव्हर (सिग्नल पाठवणारा-घेणारा भाग) काहीही पाठवत नसताना १३० वॉट खातो आणि पूर्ण ताकदीनं पाठवताना २२४ वॉट. तीन सेक्टर (टॉवरच्या तीन दिशा), प्रत्येकी दोन ट्रान्सीव्हर धरा. साइट रिकामी असताना ७८० वॉट, तुडुंब असताना १,३४४ वॉट. म्हणजे पहाटे तीनला अख्खा गाव झोपलेला असतानाही पूर्ण लोडच्या सुमारे ५८ टक्के वीज चालूच असते, स्टँडवर इंजिन सुरू ठेवून उभ्या असलेल्या एसटीसारखी.

याला कारण दोन. पॉवर ॲम्प्लिफायर (सिग्नलचा जोर वाढवणारा भाग) नुसता तयार राहण्यासाठीही करंट ओढतो. शिवाय एलटीईमध्ये सेलचे (टॉवरच्या एका कव्हरेज भागाचे) रेफरन्स सिग्नल, म्हणजे फोनला सेल ओळखायला लागणारे ठरलेले सिग्नल, दर मिलिसेकंदाला जातात, ऐकायला एकही फोन नसला तरी. नव्या रेडिओंत गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर आले, ॲम्प्लिफायरची वीज वाचवणारी १९३६ सालची डोहर्टी सर्किटची युक्ती आता सर्रास वापरतात, त्यामुळे आकडे सुधारले. पण रिकामं असताना खायचं आणि भरल्यावर थोडंच जास्त खायचं, ही खोड गेलेली नाही.

आता याच गणितात ट्रान्समिट पॉवर निम्मी करून बघा. रात्री लोड १० टक्के, म्हणजे ट्रान्सीव्हरमागे २ वॉट बाहेर जातायत. ते १ वॉट केले तर वाचतात ४.७ वॉट. सहा ट्रान्सीव्हरचे झाले २८. सहा तासांत पाव युनिटसुद्धा होत नाही. त्याऐवजी तेच ट्रान्सीव्हर स्लीपमध्ये घातले तर प्रत्येकी १३० चे ७५ वॉट होतात. सहांचे मिळून ३३० वॉट, सहा तासांत जवळपास दोन युनिट. फरक दहापटीहून जास्त.

पॉवर उतरवण्याचा उलटा फटका वेगळाच. सेलच्या कडेच्या फोनला सिग्नल खराब मिळतो, मॉड्युलेशन खाली येतं (एका वेळी कमी डेटा बसतो), तेवढाच डेटा पाठवायला जास्त रिसोर्स ब्लॉक (वेळ-फ्रीक्वेन्सीचे तुकडे) लागतात. मग जे सिम्बॉल (प्रसारणाचे अगदी छोटे वेळतुकडे) रिकामे राहून ॲम्प्लिफायरला क्षणभर डुलकी घेता आली असती, तेही भरून जातात. सिम्बॉल शटडाउन फीचरचा फायदा दिसत नाही म्हणून व्हेंडरला बोल लावण्याआधी कुणी पॉवर उतरवून ठेवलीय का, ते बघा.

सगळ्या साइट्सची रात्र एकच ठेवणं

कॅरिअर शटडाउनसाठी सर्कलभर (कंपनीच्या अख्ख्या सेवा-विभागात) १२ ते ६ अशी एकच वेळ भरून टाकायला सोपी असते, म्हणून भरली जाते. पण ससून डॉकवर मासळीचा लिलाव उजाडायच्या आधी रंगात येतो. वाशीच्या एपीएमसीत गाड्या रात्रभर लागतात. तिकडे हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये रविवारी भर दुपारी सेल ओस पडलेले असतात आणि त्या वेळेची बचत कुणी घेतच नाही. वेळ ही फक्त चौकट. निर्णय लोडवर सोडा आणि बंद करायचा थ्रेशोल्ड (लोडची मर्यादा) व परत चालू करायचा थ्रेशोल्ड यांत भरपूर अंतर ठेवा. अंतर कमी ठेवलं की कॅरिअर रात्रभर चालू-बंद होत राहतो, फोन इकडून तिकडे ढकलले जातात आणि वाचलेली वीज त्या धावपळीत जाते.

बंद काय करायचं, यातही घोळ होतो. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झचा थर (फ्रीक्वेन्सी बँड) लांबवर आणि घरात पोहोचतो, तो जागाच राहिला पाहिजे. झोपवायचे ते वरचे क्षमतेचे थर. १८००, २१००, २३०० वगैरे. आणि पंढरपूरच्या आषाढी वारीसाठी, पुण्या-मुंबईच्या विसर्जनाच्या रात्रीसाठी अपवादांचं कॅलेंडर आधीच भरून ठेवा. गर्दी आल्यावर खोल झोपेतला रेडिओ उठवायला गेलात, तर त्याला जागं व्हायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात मिरवणूक पुढच्या चौकात जाते.

एनओसीलाही (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोल रूमला) सांगून ठेवा. बचतीसाठी झोपवलेला सेल अलार्मच्या यादीत 'सेल डाउन' म्हणून लाल दिसतो आणि कुणीतरी रात्री दोनला टेक्निशियनला बाइकवरून साइटवर पिटाळतं.

५जीमध्ये आणखी एक मोह. एनआरमध्ये (५जीच्या रेडिओ तंत्रात) एलटीईसारखे सततचे रेफरन्स सिग्नल नाहीत. सिंक्रोनायझेशनचे ब्लॉक (फोनला सेल सापडावा म्हणून जाणारे सिग्नल) ठरावीक अंतरानं जातात आणि हे अंतर १६० मिलिसेकंदांपर्यंत वाढवता येतं. म्हणून काही जण ते सरसकट ताणतात. पण पहिल्यांदा सेल शोधणारा फोन हे अंतर २० मिलिसेकंद आहे असं धरूनच शोधतो. ज्या सेलवर फोन थेट येऊन बसतात तिथे ते ताणलं तर फोनला सेल उशिरा सापडतो किंवा सापडतच नाही. ६४ ट्रान्सीव्हरच्या, सिग्नलचा झोत (बीम) फोनकडे रोखणाऱ्या मॅसिव्ह मिमो अँटेनातले निम्मे चॅनल बंद करतानाही तेच. बीमचा जोर कमी होतो, कव्हरेज आक्रसतं. शेजारी दुसरा थर भरवशाचा असेल तरच करा.

लाइट असताना डीजी (डिझेल जनरेटर) का चालतो, हे न विचारणं

ग्रामीण साइटवर सगळ्यांत महाग वीज डिझेलची. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. जानेवारी २०१२ मध्ये दूरसंचार विभागानं २०१५ पर्यंत ग्रामीण भागातले निदान ५० टक्के आणि शहरी भागातले २० टक्के टॉवर हायब्रिड विजेवर (ग्रिडसोबत सोलरसारखी नवीकरणीय वीज) आणायला सांगितलं होतं. पुढे २०२० पर्यंत ७५ आणि ३३ टक्के. त्या निमित्तानं सोलर आलं, मोठ्या बॅटऱ्या आल्या. सेटिंग्ज मात्र पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली.

सर्वांत जास्त पैसा जातो तो पीआययू किंवा एएमएफ पॅनलच्या (लाइट गेली की डीजी सुरू करणाऱ्या पॅनलच्या) व्होल्टेजच्या खिडकीत, म्हणजे चालवून घ्यायच्या वरच्या-खालच्या मर्यादेत. शेतीपंपांचा लोड आला की गावातला व्होल्टेज दीडशेच्या घरात घसरतो, तीन फेजपैकी एखादी गायब होते. पॅनलवर खालची मर्यादा १८० ला ठेवलेली असेल तर पॅनल लाइट 'फेल' धरतं आणि डीजीला स्टार्ट देतं. आजचे रेक्टिफायर (ग्रिडची एसी वीज डीसी करणारे) मात्र याहून बऱ्याच खाली, शंभरच्या आसपास व्होल्टेजवरही काम करतात, आउटपुट थोडं कमी देतात एवढंच. म्हणजे साइटला डीजीची गरजच नव्हती. ती असलीच तर एसीच्या कॉम्प्रेसरला. महिन्याभराचा डीजीचा रन अवर्स लॉग आणि फेजनिहाय व्होल्टेजचा लॉग शेजारी ठेवून वाचा. लाइट खरोखर गेल्यामुळे डीजी किती तास चालला आणि पॅनलच्या समजुतीमुळे किती, ते लगेच दिसतं. मर्यादा बदलायच्या आधी रेक्टिफायरची प्लेट वाचा, आणि एसी वेगळ्या कटऑफवर घ्या.

दुसरी गोष्ट, कमी लोडवर तासन् तास चालणारा डीजी. १५ केव्हीएचा सेट म्हणजे १२ किलोवॉट. त्यावर टेलिकॉमचा ३ किलोवॉट लोड म्हणजे पाव क्षमता. तेवढ्यावर इंजिन नीट तापत नाही, इंधन पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमध्ये काजळी साठते आणि युनिटमागे डिझेल जास्त लागतं. उपाय असा की डीजी चालू असेल तेव्हा त्याच्याकडून बॅटरीही भरून घ्यायची आणि मग त्याला बंद करायचं. ६०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरी बँकेला दहावा हिस्सा, म्हणजे ६० अँपिअर चार्जिंग दिलं तर आणखी सव्वातीन किलोवॉट लोड चढतो आणि सेट अर्ध्या क्षमतेवर येतो. कित्येक साइट्सवर ही चार्जिंग मर्यादा कुणीतरी कधीतरी २० वर आणून ठेवलेली असते, कारण विचारलं तर सांगता येत नाही.

सोलरची गंमत वेगळी. पॅनल चकाचक, ऊन लख्ख आणि सोलरचे अँपिअर जवळपास शून्य. बहुतेक वेळा कारण एवढंच की सोलर चार्जरचं आउटपुट व्होल्टेज रेक्टिफायरच्या फ्लोट व्होल्टेजपेक्षा (भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणाऱ्या व्होल्टेजपेक्षा) किंचित कमी सेट केलेलं असतं. डीसी बसवर (सगळे स्रोत जोडलेल्या सामाईक डीसी लाइनवर) ज्याचं व्होल्टेज वर, तो लोड उचलतो. मग लोड रेक्टिफायर उचलतो आणि सोलर नुसतं बघत बसतं. सोलर थोडं वर ठेवा, बॅटरीच्या मर्यादेत. मग टॉवरची सावली पॅनलवर कुठल्या वेळी पडते तेही बघा. ते बसवताना पाहायला हवं होतं, पण असो.

एसी आणि बॅटरीचं भांडण न सोडवणं

रेडिओ आणि रेक्टिफायर उष्णता बऱ्यापैकी सोसतात. लेड-ॲसिड बॅटरी सोसत नाही, तिचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. म्हणून शेल्टर (साइटवरची यंत्रांची खोली) थंड ठेवतात ते खरं तर बॅटरीसाठी. चंद्रपूरच्या मे महिन्यात अख्खी खोली २२ अंशांवर ठेवायची, केवळ कोपऱ्यातल्या एका बॅटरी बँकेसाठी, हा महागडा हट्ट आहे. बॅटरीला वेगळी थंड पेटी द्या आणि बाकीच्या शेल्टरचा सेटपॉइंट वर न्या. एसी दोन असतील तर ते आळीपाळीनं चालतायत ना, हे टायमरवर बघा. दोघं एकाच वेळी गुरगुरत असतील तर टायमर मेला आहे. बाहेरची हवा आत घेणारं फ्री कूलिंग पठारावर हिवाळ्यात छान काम करतं. कोकण किनाऱ्यावर खारी हवा थेट आत घेऊ नका, कार्डांना गंज चढतो.

लिथियम बॅटरी लावून जुनं चार्जिंग प्रोफाइल तसंच ठेवणं ही अलीकडची चूक. लेड-ॲसिडच्या २४ सेलना सुमारे ५४ व्होल्ट फ्लोट आणि तापमानाप्रमाणे व्होल्टेज खालीवर करायची सोय लागते. लिथियमला ती भरपाई लागत नाही आणि व्होल्टेज उत्पादकानं सांगितलेलंच हवं. नाहीतर बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही आणि डीजी पुन्हा लवकर सुरू होतो.

वीज टॉवरवर वाचवून फोनमधून वसूल करणं

फोनची ट्रान्समिट पॉवर सहसा जास्तीत जास्त २०० मिलिवॉट. वाटेत सिग्नलचा होणारा लॉस ३ डीबीनं (डेसिबलनं) वाढला की फोनला दुप्पट जोर लावावा लागतो. अख्खी साइट झोपवून लांबच्या शेजाऱ्यावर लोकांना टाकलंत, तर आपलं बिल घटतं आणि गावातल्या प्रत्येक फोनची बॅटरी दुपारपर्यंत उतरते. ॲप लिहिणाऱ्यांचाही यात हात असतो. एवढासा डेटा पाठवून झाल्यावरही फोनचा रेडिओ पुढचे काही सेकंद, एलटीईत साधारण दहा, जागा राहतो. दर अर्ध्या मिनिटाला सर्व्हरला 'आहेस का' विचारणारं ॲप त्याला धड झोपूच देत नाही. हा टायमर नेटवर्कनं फार कमी केला तर फोन सारखे नव्यानं कनेक्शन मागत बसतात आणि सिग्नलिंगचा लोड फुगतो. चार कामं एकत्र करून एकदाच पाठवणं, हे ॲपच्या बाजूनं जास्त उपयोगाचं.

फीचर चालू, बिल तेवढंच

अशी तक्रार आली की मी या क्रमानं बघतो. बिल प्रत्यक्ष रीडिंगचं आहे की सरासरीचं? वीज कंपनीचं सरासरी बिल असेल तर पुढचा सगळा वाद फुकट. मग काउंटर, म्हणजे नेटवर्कनं नोंदवलेले आकडे. फीचरचं लायसन्स असतं, स्विच चालू असतो, पण थ्रेशोल्ड इतका कडक की सेल महिन्याभरात मोजके तासच झोपलेला असतो. त्यानंतर हार्डवेअर, कारण जुना रेडिओ युनिट 'शटडाउन' म्हटल्यावर फक्त प्रसारण थांबवतो, आतला बराच भाग जागाच ठेवतो. डीसी मीटरवर रात्रीचे अँपिअर उतरले नसतील तर कारण तिथेच.

डीसीचे अँपिअर उतरलेत, पण एसी विजेचा (ग्रिडकडचा) मीटर हलत नाही? मग रेक्टिफायर बघा. सहा मॉड्यूल थोडा थोडा लोड वाटून घेत कमी कार्यक्षमतेवर चालत असतात. जास्तीचे झोपवायची सोय बहुतेक एसएमपीएसमध्ये (रेक्टिफायरच्या पॉवर सप्लाय यंत्रणेत) असते, ती चालू करा. तरी नाही? मग शेल्टरचा एसी. तेही ठीक असेल तर पावसाळ्यानंतर कनेक्टरमधलं पाणी तपासा. व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनाच्या लाइनमधून पॉवर किती परत फिरते, त्याचं माप) २ झाला की ११ टक्के पॉवर परत येते, ३ झाला की २५ टक्के.

आणि प्रेझेंटेशनमधल्या 'प्रति जीबी युनिट' या आकड्यावर फार भिस्त ठेवू नका. ट्रॅफिक वाढलं की तो आपोआप घसरतो, साइटवर कुणी स्क्रूड्रायव्हर न लावताही. त्याच्या शेजारी साइटचे महिन्याचे एकूण युनिट आणि डिझेलचे लिटर लिहायला लावा.